कमरेला पिस्तूल दिसलं म्हणून बेड्या: टोलेडोतल्या अर्ध्या तासाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

2010 च्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात एक गृहस्थ बायको, मुलगी, नातू आणि कुत्रा यांना घेऊन घराजवळ पाय मोकळे करायला निघाले. कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल होतं, कुणालाही दिसेल असं. अंगातल्या टी-शर्टवर ‘मला कशाची पर्वा नसते तेव्हा मी हा शर्ट घालतो’ अशा अर्थाचं वाक्य. थोड्याच वेळात या गृहस्थांच्या हातात बेड्या पडल्या आणि पुढची सुमारे तीस मिनिटं ते पोलीस गाडीत बसून राहिले. सुटताना हातात एका किरकोळ आरोपाचा कागद मिळाला. तो आरोपही नंतर मागे घेतला गेला.

गोळी सुटली नाही, कुणाला इजा झाली नाही, दारू नव्हती, भांडण नव्हतं. अभ्यासासाठी हे प्रकरण घ्यायचं ते याचसाठी. बाकी सगळा गोंधळ बाजूला सारल्यावर एकच प्रश्न उरतो: शस्त्र कायदेशीर आहे, माणूस शांत आहे, तरी बेड्या कशाच्या आधारावर? नागरिक आणि अधिकारी दोघांचीही नावं इथे गाळली आहेत. घटनाक्रम न्यायालयाच्या निकालपत्रातला आहे.

पार्श्वभूमी

आपल्याकडच्या वाचकाला आधी एक गोष्ट पचवावी लागते. ओहायोत पिस्तूल उघडपणे कमरेला लावून रस्त्यावरून चालायला तेव्हाही परवाना लागत नव्हता, आजही लागत नाही. परवाना लागायचा तो पिस्तूल कपड्याआड लपवून नेण्यासाठी. तो 2004 पासून काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, देऊ लागला. जून 2022 पासून तर पात्र प्रौढाला लपवून नेण्यासाठीही परवान्याची सक्ती राहिली नाही. म्हणजे आपल्या डोक्यातलं गणित इथे उलटं आहे. दिसणारं पिस्तूल कमी नियमांचं, न दिसणारं जास्त नियमांचं.

या गृहस्थांकडे लपवून नेण्याचा परवानाही होता. त्या संध्याकाळी त्याची गरज नव्हती, पण होता.

दुसरी बाजू पोलिसांच्या अधिकाराची. अटक न करता एखाद्याला रस्त्यात थांबवायचं आणि वरवर चाचपायचं, याचा अमेरिकेतला मूळ कायदा ओहायोतच घडला. क्लीव्हलँडमधल्या एका दुकानासमोर घुटमळणाऱ्या माणसांना एका गुप्तहेर पोलिसाने चाचपलं, पिस्तुलं सापडली आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेरी विरुद्ध ओहायो हा निकाल दिला. त्यातून दोन पायऱ्या निघाल्या. थांबवायचं असेल तर गुन्ह्याचा वाजवी संशय हवा, आणि तो शब्दांत मांडता यायला हवा. चाचपायचं किंवा शस्त्र काढून घ्यायचं असेल, तर माणूस सशस्त्र ‘आणि’ धोकादायक आहे असं वाटण्याला आधार हवा. पुढची सगळी भांडणं या ‘आणि’वरूनच झाली.

2000 साली त्याच न्यायालयाने आणखी एक दार बंद केलं. मायामीतल्या बसथांब्यावर चौकड्यांचा शर्ट घातलेल्या तरुणाकडे बंदूक आहे, असा निनावी फोन आला होता. पोलिसांनी तेवढ्यावर त्याला चाचपलं आणि बंदूक सापडलीही. तरी झडती बेकायदेशीर ठरली. बंदुकीचा विषय आहे म्हणून नेहमीचे नियम सैल करावेत, ही मागणी न्यायालयाने साफ नाकारली. टोलेडोतला अधिकारी गाडीतून उतरला तेव्हा हे सगळं लिहिलेलं होतं, आणि त्याच्या प्रशिक्षणाचा भाग असायला हवं होतं.

पेच कसा उभा राहिला

रस्त्याने जाणारा एक मोटारसायकलस्वार थांबला आणि म्हणाला, अशी बंदूक लावून फिरता येत नाही. बायकोने तिथल्या तिथे उत्तर दिलं, येतं. दोन्ही बाजूंनी चार शब्द झाले. मग त्या स्वाराने 911 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावला: एक माणूस कुत्र्याला घेऊन चाललाय, बंदूक उघड्यावर आहे.

फोनमध्ये काय होतं आणि काय नव्हतं, हे वेगळं करून बघितलं की प्रकरण अर्धं सुटतं. होतं ते इतकंच: माणूस, कुत्रा, दिसणारी बंदूक. बंदूक उगारली, कुणावर रोखली, धमकी दिली, तोल जातोय, आसपास गोळीबार झालाय, असं काहीही नव्हतं. पोलीस पोहोचले तेव्हा समोर दिसलं तेही याच वर्णनाला जुळणारं. शिवाय सोबत बायको, मुलगी आणि नातू होते. हे दृश्य फोनपेक्षा जास्त शांत होतं, जास्त भीतिदायक नव्हे.

चूक फोन घेणाऱ्याच्या टप्प्यावरच सुरू झाली, असं माझं मत आहे. नियंत्रण कक्षात बसलेल्याने फोन करणाऱ्याला एक प्रश्न विचारायला हवा होता: बंदूक हातात आहे की म्यानात? उत्तर ‘म्यानात’ असेल तर कॉलचा अग्रक्रम लगेच खाली येतो. आपल्याकडच्या 112 वरसुद्धा ‘हत्यारबंद इसम’ आणि ‘हत्यार उगारलेला इसम’ हे दोन कॉल एकाच शब्दांत पुढे पाठवले गेले, तर पोहोचणाऱ्या बीट मार्शलचा हात आपोआप कमरेकडे जाईल.

समोर असलेले पर्याय

अधिकाऱ्यापुढे एकाहून एक कडक अशा पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची म्हणजे गाडी सावकाश पुढे नेऊन दोन मिनिटं लांबून बघणं. काहीच घडत नसेल तर कंट्रोलला ‘कायदेशीर, कारवाई नाही’ असं कळवून निघून जाणं. दिसायला हे आळशीपणाचं वाटतं, पण ओहायोच्या कायद्यात हा पूर्ण आणि बरोबर प्रतिसाद होता.

त्यावरची पायरी म्हणजे राजीखुशीचं बोलणं. गाडीतून उतरायचं, अंतर ठेवायचं, ‘नमस्कार, एक फोन आला होता’ म्हणून विचारायचं. समोरचा बोलला तर बोलला, निघून गेला तर जाऊ द्यायचं. यासाठी कसलाही संशय लागत नाही. बोलताना माणसाचा सूर, श्वासाला येणारा वास, हातांच्या हालचाली कळतात. खरोखर काही बिनसलेलं असेल, तर पुढच्या पायरीला लागणारा आधार इथेच मिळतो. ही पायरी टोलेडोत जवळजवळ गाळली गेली. माझ्या दृष्टीने तोच मुख्य दोष.

मग थांबवणं. त्याला गुन्ह्याचा संशय हवा. मग शस्त्र काढून घेणं, त्याला धोक्याचा आधार हवा. मग बेड्या. रस्त्यात थोडा वेळ थांबवलेल्या माणसाला बेड्या घालायला अमेरिकी कायद्यात सरसकट बंदी नाही, पण पळून जाण्याची किंवा हल्ला होण्याची विशिष्ट भीती लागते. नाहीतर ते थांबवणं अटकेच्या रंगाचं होतं आणि मग अटकेइतकंच ठोस कारण मागितलं जातं. सगळ्यात वर अटक.

या पायऱ्यांमधली गोम अशी की एकीचं कारण दुसरीला उसनं देता येत नाही. थांबवण्याचं कारण खरं असलं तरी त्यातून बेड्या निघत नाहीत. आणि बेड्या घालाव्या लागल्या म्हणून थांबवणं मागाहून योग्य ठरत नाही. चौकीत बसून अहवाल लिहिताना मात्र हे सगळं एका वाक्यात गुंडाळलं जातं: ‘सुरक्षेच्या कारणास्तव.’

प्रत्यक्षात काय केलं

अधिकाऱ्याने गृहस्थांना थांबवलं, हात वर करायला लावले आणि होल्स्टरचं बटण उघडून पिस्तूल काढून घेतलं. ओळखीचे कागद आणि परवाना मागितला. इथे बोलणं बिनसलं. नागरिकाचं म्हणणं, मी कायद्याने वागतोय, परवाना तुमच्या यंत्रणेत बघा. अधिकाऱ्याचं म्हणणं, आधी दाखवा. बेड्या पडल्या, माणूस गाडीत बसला. तपासात परवाना वैध निघाला. तरीही सुटका लगेच झाली नाही. शेवटी ओळख सांगायला नकार दिल्याच्या आरोपाचा कागद हातात दिला गेला.

क्रम नीट बघा. बेड्या पडल्या त्या क्षणी पिस्तूल अधिकाऱ्याच्या ताब्यात होतं. पिस्तुलामुळे जो काही धोका कल्पिता येतो, तो तेव्हा संपलेला होता. उरला होता फक्त वाद घालणारा, नि:शस्त्र, कुटुंबासोबतचा माणूस. म्हणजे बेड्यांचं कारण शस्त्र नव्हतंच, हुज्जत होती. ‘वरच्या पट्टीत बोलतो म्हणून बेड्या’ हा प्रकार आपल्याला नवा नाही. फक्त अहवालात तो त्या नावाने येत नाही.

आता हाताळणीबद्दल, कारण कागदावर ‘शस्त्र ताब्यात घेतलं, बेड्या घातल्या’ हे दोन शब्दांत उरकतं, आणि प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी अपघात होतात.

म्यानात बसलेलं भरलेलं पिस्तूल हे त्याच्या सगळ्यात सुरक्षित अवस्थेत असतं. घोडा झाकलेला, नळी जमिनीकडे. ते दुसऱ्याच्या कमरेवरून, अनोळखी होल्स्टरमधून, ताणाखाली ओढून काढणं हाच त्या भेटीतला सर्वात धोक्याचा क्षण असतो. काढलंच, तर नळी सुरक्षित दिशेला, बोट घोड्याच्या बाहेर, आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं आणि मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून नळीतलं काडतूस बाहेर टाकायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं नळीत जाऊन बसतं. बघणाऱ्याला पिस्तूल रिकामं झाल्यासारखं वाटतं. नळीत डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर करंगळीने चाचपायचं, हे म्हणूनच शिकवतात. परत देताना पिस्तूल, मॅगझिन आणि सुटं काडतूस वेगवेगळं द्यायचं आणि अधिकारी निघून गेल्यावर भरायला सांगायचं.

बेडीचं यंत्र साधं आहे. एक हलती कमान, तिच्यावर दाते, आत स्प्रिंगचा खटका. कमान मनगटावर दाबली की ती गोल फिरून दात्यांवर करकरत बसते. ही आरपार फिरणारी कमान 1912 च्या अमेरिकी पेटंटपासून आली आणि आजही तीच चालते. खटका एकाच दिशेने सरकू देतो: घट्ट होण्याच्या. म्हणून दुसरं कुलूप असतं. किल्लीच्या टोकाच्या बारीक खिळीने ते दाबायचं, की कमान आहे तिथेच गोठते, ना सैल ना घट्ट. बहुतेक नमुन्यांत उघडताना किल्ली आधी एका बाजूला फिरवून हे दुसरं कुलूप सोडवावं लागतं, मग उलट बाजूला फिरवून खटका. हे विसरून किल्लीवर जोर काढणारे कमी नाहीत.

दुसरं कुलूप न लावता माणसाला हात मागे बांधून गाडीत बसवलं, की काय होतं? तो पाठ टेकतो, वजन मनगटांवर येतं, प्रत्येक हेलकाव्याला एखादा दाता पुढे जातो. अंगठ्याच्या बाजूने रेडियल नर्व्ह या हाताच्या मज्जातंतूची एक फांदी कातडीखालून अगदी वरवर जाते, आणि नेमकी तीच बेडीच्या कडेखाली चिरडते. अंगठ्याच्या मागच्या बाजूला येणारी बधिरता कित्येक आठवडे टिकू शकते. त्यामुळे पद्धत ठरलेली आहे: तळवे बाहेरच्या बाजूला, किल्लीचं भोक बोटांच्या विरुद्ध दिशेला, बेडी आणि मनगटात तर्जनीचं टोक शिरेल इतकी फट, लगेच दुसरं कुलूप, आणि घातल्याची वेळ नोंदवायची. ‘हात दुखतायत’ असं माणूस म्हणाला की पुन्हा फट तपासायची आणि तेही नोंदवायचं. अतिरेकी बळाच्या दाव्यांत अमेरिकी न्यायालयं बहुधा हेच बघतात: तक्रार केली होती का, आणि केल्यावर कुणी लक्ष दिलं का?

निकाल

गृहस्थांनी शहर आणि अधिकाऱ्यावर दिवाणी दावा लावला. अधिकाऱ्याने अशा दाव्यापासून वाचवणारं कायदेशीर कवच मागितलं. अमेरिकेत हे कवच तेव्हाच गळतं, जेव्हा नागरिकाचा हक्क इतका स्पष्ट असतो की कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला तो ठाऊक असायला हवा. सहाव्या सर्किटच्या (ओहायो ज्यात येतं त्या केंद्रीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने मे 2015 मध्ये कवच नाकारलं आणि दावा ज्यूरीपुढे जाऊ दिला. निकालपत्र न्या. जेफ्री सटन यांचं. या टप्प्यावर न्यायालय नागरिकाची हकीकत गृहीत धरून चालतं, हे लक्षात ठेवायला हवं. वादाच्या मुद्द्यांवर अधिकाऱ्याचं म्हणणं खोटं ठरलं असं नाही.

बचाव तीन होते. पहिला, फोन आला होता म्हणजे लोकांत घबराट पसरत होती. न्यायालयाचं उत्तर: जे करायला कायदा परवानगी देतो, तेच केल्याने घबराटीचा गुन्हा होत नाही. फोन करणाऱ्याला आणि फोन घेणाऱ्याला राज्याचा कायदा नेमका ठाऊक नसेल, पोलीस अधिकाऱ्याला ती सबब नाही. सामान्य नागरिकाने कायदा जाणावा अशी अपेक्षा ठेवतो, तर पोलिसाकडून ती ठेवायलाच हवी, असं सटन यांनी सरळ लिहिलं.

दुसरा बचाव, हा माणूस बंदूक बाळगायला अपात्र गुन्हेगार असू शकला असता, तपासायला नको? वरवर पटणारा मुद्दा, पण त्याचा शेवट कुठे होतो ते बघा. रस्त्यावरची प्रत्येक गाडी चोरीची असू शकते, म्हणून प्रत्येक गाडी अडवता येत नाही. शस्त्र बाळगणं जिथे कायदेशीर आहे, तिथे ते बेकायदेशीर असेल हे गृहीतक धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

तिसरा, अधिकाऱ्याची सुरक्षा. इथे पुन्हा 1968 चा तो ‘आणि’. अधिकाऱ्याला दिसलं ते फक्त शस्त्र, तेही कायदेशीर. नागरिकाची हकीकत धरली, तर धोका दाखवणारं काहीच समोर नव्हतं.

हा निकाल सगळीकडे चालत नाही

टोलेडोवरून ‘परवानाधारकाला बेड्या घालताच येत नाहीत’ असा अर्थ काढणारा फसेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या रॅन्सन गावात एका माणसाने पार्किंगमध्ये बंदूक भरून लपवली, असा निनावी फोन आला. ती गाडी सीटबेल्ट नसल्याच्या कारणावरून अडवली गेली. जानेवारी 2017 मध्ये तिथल्या चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने बहुमताने ठरवलं की कायदेशीरपणे अडवलेला माणूस सशस्त्र असेल, तर तो धोकादायक धरून चाचपता येतं, त्याच्याकडे परवाना असला तरी. म्हणजे ओहायोत ‘आणि’ टिकला, वेस्ट व्हर्जिनियात तो जवळपास पुसला गेला. दोन राज्यांमध्ये फक्त एक नदी आहे. तरी फरक शोधला तर सापडतो: रॅन्सनमध्ये अडवण्याला स्वतंत्र, कायदेशीर कारण होतं. टोलेडोत तेच नव्हतं.

दुसरं टोक कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीचं. फेब्रुवारी 1998 मध्ये, टोळीच्या गोळीबारातल्या संशयिताची हत्यारं शोधायला पोलीस वॉरंट घेऊन एका घरात शिरले. सकाळी झोपेतून उठवलेल्या, ज्यांच्यावर कसलाही संशय नव्हता अशा एका महिलेला दोन ते तीन तास बेड्यांमध्ये गॅरेजमध्ये बसवलं. ज्यूरीने तिला भरपाई दिली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही: हत्यारांसाठीचं वॉरंट, टोळीचा संबंध आणि एकाच वेळी अनेकांना सांभाळायचं असणं, एवढ्यावर बेड्या वाजवी ठरल्या. ताबा झडती संपल्यावरही चालू राहिला का, हा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे परत गेला. व्यक्तिशः मला तीन तास जास्तच वाटतात, आणि चार न्यायमूर्तींनीही स्वतंत्र मत लिहून ती शंका जिवंत ठेवली.

तेव्हा बंदूक आणि बेडी यांचा सांधा असा आहे: बंदूक ‘कुणाकडे तरी आहे’ यातून फारसं काही निघत नाही. ती कशासाठी शोधली जातेय, माणूस काय करतोय आणि पोलीस तिथे कुठल्या अधिकाराने उभे आहेत, यातून निघतं.

वेगळं काय करता आलं असतं

अधिकाऱ्यासाठी सर्वात स्वस्त बदल म्हणजे पहिली साठ सेकंदं. पंधरा-वीस फुटांवर थांबून, गाडीचं इंजिन आडोशाला ठेवून, हात दिसत राहतील असं उभं राहून बोलणं सुरू केलं असतं, तर कुटुंब, कुत्रा, म्यान आणि बोलण्याचा सूर सगळं नजरेत आलं असतं. बाहेर पडायचा रस्ताही उघडा राहिला असता. पिस्तूल काढून घेतल्यावरही एक निर्णयबिंदू होता: आता धोका संपला, बेड्या कशाला? परवाना वैध निघाल्यावर तिसरा: आता सोडत का नाही? दर वेळी परत फिरायची संधी होती, पण एकदा चढलेली पायरी उतरणं म्हणजे माघार, असं वाटतं. प्रशिक्षणात चढायचं भरपूर शिकवतात, उतरायचं फार कमी.

नागरिकाकडेही एक सुधारणा होती, हक्काची नव्हे, धोरणाची. रस्त्यावर कायद्याची परीक्षा घ्यायची नाही. ‘मी या तपासणीला संमती देत नाही, पण अडवणार नाही’ एवढं म्हणून हात दिसते ठेवायचे आणि भांडण न्यायालयासाठी राखून ठेवायचं. जुलै 2016 मध्ये मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये एका परवानाधारकाने वाहन तपासणीत ‘माझ्याकडे बंदूक आहे’ असं शांतपणे सांगितलं आणि काही सेकंदांत अधिकाऱ्याने त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. अधिकारी पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. बरोबर वागणं पुरतंच असं नाही, हे तिथल्या कृष्णवर्णीयांना वेगळं सांगावं लागत नाही.

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक पोटमुद्दा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर मित्राची बंदूक नेमबाजीच्या रेंजवर हाताळणंसुद्धा अडचणीत आणू शकतं, आणि 2022 पासून कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. म्हणजे तेच पिस्तूल, तीच कंबर, फक्त व्हिसा वेगळा, आणि टोलेडोचा सगळा युक्तिवाद उलटतो.

हेच आपल्याकडे घडलं तर

भारतात शस्त्र हा हक्क नाही, परवाना आहे, त्यामुळे पोलिसाची पहिली पायरी कायद्यानेच दिलेली आहे. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 19: शस्त्र नेणाऱ्याकडे कुठलाही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. दाखवला नाही, तर नाव-पत्ता विचारायचा आणि गरज वाटली तर शस्त्र जप्त करायचं. नाव-पत्ता द्यायला नकार दिला, तो खोटा वाटला किंवा माणूस पळण्याच्या बेतात दिसला, तरच विनावॉरंट अटक. टोलेडोत न्यायालयाला जी उतरंड निकालातून उभी करावी लागली, ती आपल्याकडे तीन पोटकलमांत लिहिलेली आहे. परवाना घरी राहिला, एवढ्यावर माणसाला बेड्या घालून ठाण्यात आणणं या कलमात कुठेही बसत नाही.

बेड्यांचं सूत्र 1980 च्या प्रेम शंकर शुक्ला निकालातलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी बेडी ही प्रथमदर्शनी अमानुष धरली, अपवाद करायचा तर कारणं लेखी नोंदवायची असं सांगितलं. 1995 मध्ये, गुवाहाटीच्या रुग्णालयात टाडाचे कैदी खाटेला बेड्यांनी जखडलेले आढळल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्याच्या परवानगीची अट घट्ट केली. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43(3) आलं आणि चित्र बदललं. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी अशा यादीत ‘शस्त्रं व दारूगोळा बेकायदेशीररीत्या बाळगणं’ हेही आहे. अटकेच्या वेळी आणि न्यायालयात हजर करताना, गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य बघून, बेडी वापरता येईल.

यातले दोन शब्द ठाण्यात हमखास निसटतात. एक ‘बेकायदेशीररीत्या’, दुसरा ‘येईल’. गावठी कट्टा घेऊन सापडलेला आणि परवान्याची पाच वर्षांची मुदत संपून तीन आठवडे झालेला बागायतदार, दोघंही तांत्रिकदृष्ट्या या यादीत येतात. पण स्वरूप आणि गांभीर्य एक आहे का? बागायतदाराने कलम 21 प्रमाणे बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी होती, केली नाही, हा गुन्हा आहेच. बेडी मात्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. निवडणुकीच्या काळात सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये जे सांगितलं, त्याची दिशाही हीच: छाननी समिती नेमा, माणूस बघून ठरवा.

ठाणे दैनंदिनीतली नोंदच पुढे उलटतपासणीत वाचली जाते. ‘सुरक्षेच्या कारणास्तव बेडी वापरली’ ही नोंद पहिल्या प्रश्नाला पडते. उभी राहते ती अशी: ‘20.10 वा. शस्त्र जप्त. 20.14 वा. आरोपीने पोलीस हवालदार यांच्या हाताला हिसका देऊन गेटच्या दिशेने दहा-बारा फूट धाव घेतली. सौम्य बळाने आवरले. पुन्हा पळून जाण्याची शक्यता असल्याने 20.16 वा. बेडी, दुहेरी कुलूप लावले, फट तपासली. 20.55 वा. ठाण्यात पोहोचल्यावर काढली.’ आणि अशी धाव घेतलेलीच नसेल, तर 20.16 ची ओळ लिहिताना लेखणी जिथे अडखळते, तिथे बेडी खिशात परत जायला हवी होती.